दम्मामच्या गोडाऊनमधलं लंडन

सुतारखान्यात भुसा कसा साठतो, ते कुणी सांगू शकणार नाही. संध्याकाळी लख्ख झाडून काढावा, सकाळी बघावं तर पुन्हा घोट्यापर्यंत. आमच्या किश्शांचंही तसंच आहे. मी मुद्दाम गोळा करत नाही, कपड्यांना चिकटून घरी येतात. सून म्हणते, "अब्बा, बाहेर झटकून या." नात इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकते, ती तर सरळ "दादा, नॉट अगेन" म्हणते आणि ताट उचलून दुसरीकडे बसते. ऐकते मात्र सगळं.

त्यातले हे लंडनचे किस्से. ते लिहू नका असं मला दोन माणसांनी बजावलंय. एक पाटणकरसाहेब, दुसरा खुद्द उस्मान. पण कुणाचं ऐकायची सवय असती तर मी पाचवीच्या पुढे शिकलो नसतो का?

*

आधी माणसं सांगतो.

मी हमीद. दाभोळच्या खाडीवरचा. दम्मामला एका ठेकेदाराच्या सुतारखान्यात फोरमन आहे. फोरमन म्हणजे ज्याला स्वतः हातोडी मारावी लागत नाही, पण दुसऱ्याने मारली की "अशी नाही रे" म्हणायचा हक्क असतो तो.

उस्मान माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि गाढवापेक्षा हट्टी. सौदीत आल्यापासून त्याने शटरिंग केलं. म्हणजे सिमेंट ओतायच्या आधी लाकडाचा साचा बांधायचा, आणि सिमेंट घट्ट झालं की तो आपल्याच हातांनी तोडून टाकायचा. रियाधला ओलायामध्ये ते काचेचे टॉवर आहेत ना, त्यातल्या काहींच्या पोटात एके काळी उस्मानचं लाकूड होतं. आज जाऊन बघा. टॉवर उभा, उस्मान गायब.

गेल्या सुट्टीत जुबेदाभाभीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला चार पाहुण्यांसमोर विचारलं. तिच्या बहिणीचा नवरा गवंडी आहे, तो मशिदीसमोरून जाताना दरवेळी पायऱ्यांकडे बोट दाखवतो, या मी बांधल्या. भाभी म्हणाली, "तुम्ही एवढी वर्षं तिथं करता तरी काय? एक वस्तू दाखवा, जिच्याशेजारी तुम्ही उभे आहात."

उस्मानकडे दाखवायला काही नव्हतं. साइटवर फोटो काढायला बंदी. आणि बंदी नव्हती तेव्हा कॅमेरा कुणाच्या बापाकडे होता?

हे त्याला लागलं. इतकं लागलं की महिनाभर माझ्या एकाही थट्टेला त्याने शिवी दिली नाही. त्यात त्याचा खुरूज निघाला, म्हणजे कायमचं घरी जायचा शिक्का. हातातलं काम संपलं की दाभोळ.

आणि हातात शेवटचं काम आलं ते लंडन.

*

ते घेऊन आले पाटणकरसाहेब. मूळचे पुण्याचे, ओलायामध्ये एका टीव्ही कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. माणूस सरळ, पण बोलताना प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. लॅपटॉप उघडून म्हणाले, "हमीदभाई, आपल्याला राणी व्हिक्टोरियाच्या काळातला लंडनचा एक रस्ता उभा करायचाय."

मी विचारलं, "ईदच्या आधी की नंतर?"

राणीची आणि माझी ओळख एवढीच, की आजीच्या पेटीत एक राणीछाप रुपया होता आणि तो मी एकदा गिळला होता. परत मिळाला, पण आजीने पुन्हा पेटीत नाही ठेवला.

मालिकेची गोष्ट त्यांनी समजावून सांगितली. पुढच्या शतकातला रियाधचा एक शास्त्रज्ञ. तो लोखंडी कपाटात बसतो, बटण दाबतो आणि दर भागात वेगळ्याच काळात जाऊन आदळतो. या भागात तो राणीच्या लंडनमध्ये आदळतो. तिथं एक लॉर्ड त्याचं कपाट चोरायला टपलाय. पण त्या लॉर्डचं तोंड आजवर कुणी बघितलेलं नाही. तो कायम बंद घोडागाडीतून फिरतो, खिडकीला काळा पडदा. लोक नुसती गाडी बघून थरथरतात.

"मग लॉर्डचं काम कोण करणार?" मी विचारलं.

"कुणीच नाही. या वर्षी फक्त गाडी. तोंड पुढच्या वर्षी."

मी म्हणालो, आमच्या कफीलचंही, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाचंही, असंच आहे. गाडी रोज दिसते, तोंड ईदला.

पाटणकरसाहेब हसले नाहीत. पण मी बघत होतो, लॅपटॉप बंद करताना त्यांचे खांदे हलत होते.

*

दम्मामहून कतीफला जाताना खजुरीच्या बागांआधी एक मोठं गोडाऊन लागतं. त्यात आम्ही लंडन बांधलं. बाहेर डांबर वितळतंय आणि आत थर्माकोलचा बर्फ. दगडी फरशी प्लायवूडची, विटा प्लास्टरच्या, गॅसचे दिवे उस्मानने स्वतः घडवलेले. दिवे बघून मलाही वाटलं, मेल्याने हे आयुष्यभर करायला हवं होतं.

डायरेक्टर बदर. इथलाच मुलगा, तिशीचा, बाहेरून शिकून आलेला. बोलणं मऊ, डोक्यावर टोपी उलटी. त्याच्या ड्रॉइंगमध्ये एक साहेबी संडास होता. शिपाई मागे लागल्यावर शास्त्रज्ञ त्यात लपतो आणि कमोडवर बसून विचार करतो, कॅमेरा समोरून.

उस्मानने संडास बांधला. बदर बघायला आला तर कमोड तिरकं! भिंत सरळ, दार सरळ, आणि कमोड रुसल्यासारखं कोपऱ्याकडे तोंड करून.

बदरने विचारलं, हे काय? उस्मानने सांगितलं, तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बसवलं तर तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केकडे जातं, आणि तसं बसणं मना आहे. बदर म्हणाला, अरे चाचा, पण हा खोटा आहे. नळ नाही, पाइप नाही, खाली प्लायवूड आहे, यात कुणी काही करणार नाही.

उस्मान म्हणाला, "संडास खोटा आहे. किब्ला खरा आहे."

बदरने पत्र्याच्या छताकडे बघितलं. शिकला कुठंही असेल, वाढला इथंच होता. शेवटी भिंत कापली आणि कॅमेरा हलवला.

पाटणकरसाहेबांनी मला बाजूला घेतलं. एवढं ताणायची खरंच गरज होती का, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना विचारलं, "साहेब, पुण्याचा फ्लॅट घेताना वास्तूवाल्याने तुमचा संडास फिरवला होता की नाही?"

ते कुणाचा तरी फोन आल्यासारखे निघून गेले. फोन आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बदरच येऊन म्हणाला की घरी आईला हा प्रकार सांगितला. आई म्हणाली, त्या म्हाताऱ्याला इथंच ठेवून घ्या, खुरूज माझ्या मुलाचा काढा.

*

रस्त्यावर माणसं हवीत, आणि ती गोरी हवीत. मग जवळच्या कंपाउंडमधून, म्हणजे परदेशी लोकांच्या बंदिस्त वसाहतीतून, गोरे साहेब हौसेने आले. कुणी डेंटिस्ट, कुणी तेलकंपन्यांना पाइप विकणारा. त्यांना लोकरीचे कोट, गळ्यापर्यंत बटणं, वर उंच टोप्या. एसी मोठा लावला की साउंडवाला ओरडायचा, बंद केला की लंडन उकडायचं. दुपारपर्यंत लॉर्डलोक भिंतीला टेकून मॅंगो ज्यूस पीत बसायचे.

फक्त एक साहेब खूश. त्याला भिकाऱ्याचं काम होतं, आणि भिकाऱ्याच्या कपड्यांना भोकं होती! वारा आरपार. दोन दिवसांत ही बातमी पसरली आणि जो तो बदरकडे जाऊन म्हणू लागला, मला भिकारी करा. डेंटिस्टने तर आपल्या बढतीसाठी बायकोकडून फोन करवला.

खरा भिकारी मात्र हटला नाही. पाइप विकणाऱ्या कंपनीत तो मोठा मॅनेजर होता. एके काळी आमचा ठेकेदार त्याच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसायचा, आणि ठेकेदाराच्या मागे मी. आता मी मुद्दाम रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे खुब्ज, म्हणजे इथली रोटी टाकायचो, वर मसूरडाळ, आणि हात उंचावून मोठ्याने दुआ द्यायचो.

पहिल्या दिवशी तो गोंधळला. तिसऱ्या दिवसापासून स्वतःच हात पसरू लागला. डाळ आवडली होती.

*

हे सगळं चाललं असताना उस्मान आपल्या दिव्यांत गुंतलेला. एक दिवस चहाला बसलो होतो, तेव्हा म्हणाला, "हमीद, मला त्या रस्त्यावरून चालायचंय. एकदाच. कॅमेरा चालू असताना."

मला कारण विचारायची गरज नव्हती. मी त्याला घेऊन बदरकडे गेलो. पाटणकरसाहेब तिथंच होते.

बदरने नीट ऐकून घेतलं. चांगला मुलगा, तोंडावर नाही म्हणायला त्याला जड गेलं. म्हणाला, चाचा, रस्ता तुमचाच आहे. पण हे राणीचं लंडन. त्यात हिंदी चेहरा दिसला तर बघणाऱ्याला पटणार नाही.

उस्मानने त्याला आपल्या पणजोबांचं सांगितलं. आमच्या खाडीवरची अर्धी घरं खलाशांची. उस्मानचे पणजोबा आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायचे. एक अख्खा हिवाळा त्यांनी लंडनच्या गोदीत काढला. परत आल्यावर लंडनबद्दल एवढंच सांगायचे, की तिथं सूर्य आहे, पण तो कामावर येत नाही.

बदरला गोष्ट फार आवडली. खरी असेल, म्हणाला, पण बघणाऱ्याला थोडीच माहीत आहे? त्याला पटायला हवं.

उस्मानने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्याला ओळखतो, आता बोलणार हे मला कळलं. त्याच्या मोडक्या अरबीत, पण शब्द न् शब्द ऐकू येईल असा तो बोलला.

"रियाधचा माणूस लोखंडी कपाटातून लंडनला पडला, हे त्याला पटणार. आणि दाभोळचा माणूस बोटीतून लंडनला पोचला, हे नाही पटणार?"

पाटणकरसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते. बदर म्हणाला, सॉरी चाचा.

बाहेर आल्यावर मी उस्मानला म्हणालो, जाऊ दे. तो म्हणाला, का जाऊ दे?

मला तेच ऐकायचं होतं. उस्मानचा हट्ट आणि माझी अक्कल एका बाजूला आल्यावर राणीची फौजसुद्धा टिकली नसती.

*

पहिला डाव धुराड्याचा. लंडनमध्ये धुराडी साफ करणारे असतात, तोंडं काळी. मी उस्मानच्या तोंडाला काजळी फासली, हातात झाडू दिला. म्हटलं, आता तुझा मुलूख कोण विचारतो?

धूर सोडला, कॅमेरा सुरू झाला, उस्मान चालू लागला. अगदी झोकात. समोरून मौलवीसारखी पांढरी दाढी असलेला एक गोरा येत होता. उस्मानचा हात आपसूक छातीवर गेला आणि तो म्हणाला, "अस्सलामु अलैकुम!"

गोऱ्याला इथं राहून वर्षं झालेली. त्यानेही टोपी उचलून वालेकुम सलाम केला.

कट.

बदर रागावला नाही, हेच वाईट झालं. त्याला उस्मानची दया आली आणि त्याने एक वाट काढली. या भागात शास्त्रज्ञाच्या कपाटातून चुकून एक प्राणी येतो, परग्रहावरचा. हिरवा, रबरी, तीन डोळ्यांचा. गटारातून वर येऊन लोकांना घाबरवतो. बदर म्हणाला, चाचा, तुम्ही उंच आहात, ते काम तुम्ही करा. खूप सीन आहेत.

उस्मानने तो रबरी मुखवटा हातात घेतला, उलटा करून आत बघितलं, वास घेतला आणि परत दिला.

"म्हणजे दुसऱ्या ग्रहावरून आलो तर चालतं," तो म्हणाला. "रत्नागिरी जिल्ह्यातून चालत नाही."

प्राण्याचं काम शेवटी डेंटिस्टने केलं. आतून इतका घामाघूम व्हायचा की तिन्ही डोळ्यांतून पाणी गळायचं. बघणाऱ्यांना वाटलं, काय ॲक्टिंग आहे!

*

आता घोडी.

लॉर्डच्या गाडीसाठी कतीफजवळच्या अबू अलीची घोडी ठरली. पांढरीशुभ्र, मानेला बाक, चाल अशी की आपण रस्ता सोडून उभं राहावं. अबू अली तिला घेऊन आला, तिच्या आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, मग त्याला गाडी दिसली.

"हे काय आहे?"

गाडी. तुमची घोडी ओढणार.

अबू अलीने घोडीचे कान हातांनी झाकले. खोटं नाही सांगत, तिने ऐकू नये म्हणून. म्हणाला, हिच्या घराण्यात कुणी कधी ओझं ओढलेलं नाही. ही पुढे चालेल. गाडी तुमची तुम्ही आणा.

शूटिंगचे दिवस भरत आलेले. दुसरी घोडी कुठून आणणार? मग आम्हीच तोड काढली. गाडीचा तळ काढून टाकला, आतल्या बाजूला आडवी दांडी ठोकली. मी, उस्मान आणि खाडीवरचेच दोन सुतार, अशा चौघांनी आत उभं राहायचं, खांदा दांडीला लावायचा आणि गाडी चालत न्यायची. बाहेरच्या फळ्या खाली वाढवल्या, वर धूर. पाय दिसायचा प्रश्न नाही. घोडीच्या गळ्यात नुसती नावाला एक पट्टी.

पहिल्या चाचणीत आम्ही बिस्मिल्ला म्हणून जोर लावला. गाडी हलकी, चौघे खाडीवर होड्या ओढून वाढलेले. आणि घोडी चालतेय आपल्या आजीच्या तोऱ्यात. रस्ता संपेपर्यंत गाडी घोडीच्या पुढे निघून गेली होती!

अबू अली म्हणाला, बघा, गाडीलाही तिची लाज वाटली.

दुसऱ्या वेळी वेग जमला तर साउंडवाला कानांवरचं यंत्र काढून उभा राहिला. त्याचं म्हणणं, लॉर्डच्या गाडीतून आवाज येतोय. आम्ही होडी वाळूवर चढवताना जसं एक जण हाक देतो आणि बाकीचे "हैय्या" म्हणतात, तसं आत चाललं होतं. कुणाला भानच नव्हतं. त्याशिवाय आमचा खांदा एकदम लागतच नाही.

बदरने गाडीत तोंड घालून विनंती केली, की लॉर्डचा दरारा आहे, त्याने हैय्या म्हणू नये.

तो गेल्यावर अंधारात उस्मान खिडकीच्या पडद्याकडे बघत होता. काळं कापड, वरून चार खिळे. बोटाने सरकवलं तर सहज सरकेल असं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टोपीचं माझ्यावर सोड."

*

शेवटच्या दिवशी शेवटचा शॉट तोच, गाडीचा. रस्त्याच्या कडेला शास्त्रज्ञ लपलाय, शेजारी चहावाली म्हातारी. तो विचारतो, ही गाडी कुणाची? ती कुजबुजते, लॉर्डची. बस एवढंच.

सकाळी उस्मान आला तो दाढी कोरून, डोळ्यांत सुरमा घालून, अत्तर लावून.

"कॅमेऱ्याला वास येत नाही रे," मी म्हणालो.

"मला येतो ना."

मी कपड्यांच्या खोलीतून डेंटिस्टचा काळा कोट आणि उंच टोपी आणली. डेंटिस्ट तीन डोळे लावून बसला होता, त्याला कशाला हवी? उस्मानने कोट चढवला, टोपी घातली. खाली लुंगी आणि चपला. ढकलायला लुंगीसारखं काही नाही.

पहिला टेक घोडीने थांबून घालवला. पुढच्या वेळी तिने थर्माकोलचा बर्फ खाऊन बघितला. मग भिकाऱ्याला हुंगत बसली, त्याच्या खिशात खुब्ज होता. बाहेर कंपनीची माणसं सामान बांधायला उभी, गोडाऊनचा करार संपलेला. बदरचा आवाज बसला होता. म्हणाला, हा शेवटचा. यल्ला.

धूर सुटला. आम्ही तोंडं मिटून खांदा लावला. घोडी चालली, आणि काय चालली. आतून ती मला दिसत नव्हती, पण टापांवरून कळत होतं.

उस्मानने घडवलेल्या पहिल्या दिव्यापाशी आलो तेव्हा त्याने एका बोटाने पडदा बाजूला केला.

मान बाहेर काढली नाही. सलाम केला नाही. हसला नाही. त्याचा खांदा दांडीला तसाच रेटलेला, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आणि चेहरा खिडकीत. घरमालक आपल्या चाळीकडे बघतो तसा तो रस्त्याकडे बघत राहिला. एकेका दिव्याकडे, एकेका दाराकडे. रस्ता संपला तेव्हा पडदा सोडला.

"कट!" बदर ओरडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोडीला. अबू अली तिच्या गळ्यात पडून रडत होता. बदरही तिकडेच धावला. शॉटभर सगळ्या गोडाऊनची नजर त्या घोडीवर होती.

मॉनिटरपुढे एकटे पाटणकरसाहेब. ते उठले, सावकाश गाडीपाशी आले, खिडकीशी वाकले. पडदा बंद होता. त्यांनी पडद्यालाच सांगितलं, मराठीत, हळू आवाजात.

"उस्मानभाई, टोपी जागेवर ठेवून द्या. आणि अत्तर कुठलं आहे?"

*

लंडन उस्माननेच तोडलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साचा ज्याने बांधला त्यानेच सोडवायचा, अशी त्याची जुनी शिस्त. दिवेसुद्धा तोडले. एक तरी घेऊन जा म्हटलं तर म्हणाला, विमानात काय म्हणून सांगू? आठवड्याने तो दाभोळला गेला.

मग एक दिवस मला बदरचा फोन. एडिटिंगला बसला होता. गाडीचा एकच टेक धड होता, घोडी नीट चाललेला. लंडनचं सरपण झालेलं, पुन्हा शूट करायची सोय नाही.

"हमीद," तो म्हणाला, "खिडकीत कोण आहे?"

मी म्हणालो, "मुदीरसाहेब, लॉर्ड आहे. तुमच्याच गोष्टीत आहे ना?"

तो म्हणाला, "त्याच्या डोळ्यांत सुरमा आहे."

"मोठा माणूस, असते एखादी हौस."

फोनमध्ये कुणीतरी हसलं. बदर की त्याच्या शेजारचा, ते कळलं नाही. पाटणकरसाहेब त्या वेळी तिथं होते, असं नंतर ऐकलं. ते लॉर्डच्या बाजूने बोलले असंही ऐकलं. विचारलं तर म्हणतात, हमीदभाई, हे लिहू नका.

*

भाग लागला त्या संध्याकाळी उस्मानच्या पुतण्याने मोबाईलवरचं टीव्हीला जोडलं. मला व्हिडिओ कॉल लावून फोन कपाटावर तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे मला टीव्हीही दिसावा आणि मंडळीही. ओटीवर माणूस मावत नव्हता. जुबेदाभाभीची बहीण आलेली, पायऱ्या बांधणारा तिचा नवरा पुढच्या रांगेत. जुबेदाभाभी उंबऱ्यात. उस्मान खुर्चीत, हातात कप. घरात कुणाला काही सांगितलेलं नव्हतं त्याने.

टीव्हीवर शास्त्रज्ञाचं लोखंडी कपाट येऊन पडलं. गटारातून तीन डोळे आले, पोरं किंचाळली. भिकाऱ्याला बघून मीच किंचाळलो. मग धूर आला. गॅसचे दिवे, बर्फ, आणि धुरातून ती पांढरी घोडी.

शास्त्रज्ञाने विचारलं, ही गाडी कुणाची? पुतण्याने खालची इंग्रजी ओळ वाचून मोठ्याने मराठीत सांगितली, "म्हातारी म्हणते, लॉर्डची."

आणि पडदा सरकला. उंच टोपी, काळा कोट, सुरमा. माझ्या उस्मानने अख्ख्या लंडनवरून एकदा नजर फिरवली.

साडू टीव्हीकडे बघे, मग उस्मानकडे, मग टीव्हीकडे. गाडी गेली.

जुबेदाभाभी उंबऱ्यातून पुढे आली. कमरेवर हात.

"एवढी वर्षं मला फोनवर सांगितलंत," ती म्हणाली, "दिवसभर उभं राहून कंबर मोडते, खांदे भरून येतात. आणि तिथं टोपी घालून घोडागाडीतून फिरत होतात?"

मी तांब्याला टेकलेल्या फोनमधून तोंड उघडलं. अहो भाभी, म्हणणार होतो, तो बसलेला नव्हता, ती गाडी तर त्याच्या खांद्यावर...

उस्मानने माझ्याकडे बघून एक बोट उचललं. पडदा सरकवला होता तेच. मी तोंड मिटलं.

मग त्याने कप खाली ठेवला, पायावर पाय टाकला आणि बायकोला म्हणाला,

"घोडी जरा हळू होती."